पाळीपत्रक

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, सागरी विम्याचं ऑफिस.
बुडालेल्या मालाची किंमत आम्ही ठरवतो:
भिजलेली वेलची, गंजलेली पोलादी कॉइल,
वाटेत वितळून गेलेलं मेण.
झीज किती, घट किती, भरपाई किती,
पैशापर्यंत.

एकोणीस वर्षांत मोकलबाईंची घट
कुणी काढली नव्हती.
मीही नाही. माझं टेबल त्यांच्या शेजारी.

सिक्वेरा निवृत्त होणार, तर वर्गणीचं पाकीट बाईंकडे.
कुणी दिले, कुणी उद्या देतो म्हणाले,
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने नावं,
आणि हिशोब जुळेना तेव्हा
वरचे अडीचशे स्वतःच्या पर्समधून.
प्रिंटरची शाई, चहाच्या मशीनचं दूध,
नव्या पोराला क्लेमची फाइल वाचायला शिकवणं,
बाथरूममध्ये रडत बसलेल्या नव्या पोरीला
तोंड धुवायला लावून टेबलाशी आणणं.
आणि दर सोमवारी, खुर्च्या सरकून व्हायच्या आत,
"मोकल, तुम्ही लिहून घ्या हं. तुमचं अक्षर छान."

अक्षर माझंही छान आहे.
चौथीत बक्षीस मिळालं होतं, आई अजून सांगते.
ऑफिसात मी हे कधी बोललो नाही.

मार्चमध्ये बढतीची यादी लागली.
माझं नाव होतं.
"अभिनंदन, गावंड," बाई म्हणाल्या,
"पेढ्यांचं मीच बघू ना?"
टोचून म्हणाल्या की सवयीने,
मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या सोमवारी त्यांनी फळ्यावर रेघा मारल्या.
आठवडे उभे, नावं आडवी, अकराच्या अकरा,
दस्तूर साहेबांसकट.
आणि वर ठळक: पाळी.
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
बाईंनी मार्कर खाली ठेवला नाही.
"ती महिन्याची. ती आमची आम्ही बघतो.
ही आठवड्याची.
ही सगळ्यांना येणार."
बराच वेळ नुसता एसी वाजत राहिला.

पहिल्या चौकोनात मी.

इतिवृत्त लिहायला बसल्यावर कळलं,
लिहिणाऱ्याला बोलता येत नाही.
न्हावाशेवाला अडकलेल्या कंटेनरबद्दल
माझ्याकडे मुद्दा होता, चांगला मुद्दा,
पण हात अजून मागच्याच वाक्यात.
तेवढ्यात तो राणेंनी मांडला,
आणि मी तो राणेंच्या नावावर
माझ्या छान अक्षरात उतरवला.

त्या संध्याकाळी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या.
बाईंच्या अक्षरात आमचे सगळ्यांचे मुद्दे.
बाई फक्त पहिल्या ओळीत:
उपस्थित.

शुक्रवारी पाकीटही फिरवलं.
लाखोंचे दावे नामंजूर करणारा मी,
शंभर रुपये मागताना कानापर्यंत लाल.
सोमवारी दस्तूर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले,
"गावंडचं कौतुक करायला पाहिजे.
केवढा मनाचा मोठेपणा!"
टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या, दोन.
वही अजून माझ्याकडे होती. मी लिहिलं:
श्री. गावंड यांचा मोठेपणा.
मग खोडलं, आणि त्याखाली:
श्री. गावंड यांची पाळी होती.

राणेंच्या आठवड्यात दूध संपलं.
"बाई, जरा बघता का?"
"नाही बघत."
पाच दिवस आम्ही कोरा चहा प्यालो.
मेलं कुणी नाही.

त्याच आठवड्यात बैठकीत बाई बोलल्या.
भावनगरच्या बुडित बार्जवर, वहीशिवाय, हात मोकळे,
आकडे सगळे तोंडपाठ.
साहेबांनी चष्मा काढून ठेवला.
राणे लिहीत होते, घामाघूम.
"जरा हळू," म्हणाले.

बाई हळू झाल्या नाहीत.